जिभेची मुनसफी

शनिवारी दुपारी बाराला पाच मिनिटे कमी असताना कॅन्सस सिटीच्या आसपासच्या एखाद्या गावी, बार्बेक्यूच्या सामन्याच्या मैदानावर जो देखावा दिसतो, तो ज्याने पाहिला नाही त्याला मांसाच्या सहा तुकड्यांपायी प्रौढ माणसे किती गंभीर होऊ शकतात याची कल्पना येणे कठीण आहे. माझ्या पुतण्याने मला तेथे नेले, तेव्हा मी परीक्षकांच्या तंबूच्या दोरीबाहेर उभा होतो. रात्रभर लाकडाच्या धुरात डोळे लाल करून घेतलेला एक धिप्पाड गृहस्थ, हातातली नऊ इंच लांबरुंद पांढरी पेटी देवघरातल्या मूर्तीसारखी छातीशी धरून, पुढे कोणी येऊ नये म्हणून एका साथीदाराला वाट मोकळी करायला लावीत, पावले मोजीत आला. पेटी मेजावर ठेवली. वळला, आणि दोरीपाशी येऊन कमरेवर हात ठेवून असा उभा राहिला की निकालाच्या दिवशी कचेरीच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या पक्षकाराची मला आठवण झाली. पेटीत कोंबडीच्या मांडीचे सहा तुकडे होते. बाराच्या अलीकडे पाच आणि पलीकडे पाच अशी दहा मिनिटांची मुदत. त्यानंतर आलेल्या पेटीची दाद-फिर्याद नाही.

या सामन्यांचे कायदेकानू करणारी कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी ही संस्था 1985 साली निघाली. तिच्या सामन्यांत चार पदार्थ असतात: बाराला कोंबडी, साडेबाराला डुकराच्या बरगड्या, एकला डुकराचे मांस, दीडला ब्रिस्केट, म्हणजे गोवंशाच्या छातीचा तो चिवट भाग, जो दहा-बारा तास मंद धुरावर ठेवल्यावाचून मनुष्याच्या दातांना दाद देत नाही. (ज्या वाचकांना या यादीतली नावेही नकोशी वाटत असतील त्यांनी प्रत्येक ठिकाणी भरताचे वांगे कल्पावे; माझ्या विवेचनात त्याने फरक पडणार नाही.) आदल्या दिवशी निरीक्षकाने कच्चे मांस तपासल्याशिवाय त्याला मीठमसाला लावायचा नाही; आच लाकडाची किंवा कोळशाची, गॅसची किंवा विजेची नव्हे; पेटीत शोभेला पाला घातला तर तो ठरावीक जातींचाच, आणि लाल कडांचे लेट्यूस निघाले तर गुन्हा; मांसाला कोरून आकार देणे हाही गुन्हा. पेटी आत गेली की तिच्यावरचा नंबर बदलतो, यासाठी की कोणत्या चमूची पेटी कोणत्या टेबलावर गेली हे ना स्वैपाक्याला कळावे, ना परीक्षकाला. टेबलाभोवती सहा परीक्षक. बोलायचे नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचे नाही, मद्य घ्यायचे नाही. जीभ स्वच्छ करायला पाणी आणि बिस्किटे. आणि या सगळ्याच्या आरंभी, उजवा हात वर करून, एक शपथ. ती शपथ काहीशी थट्टेच्या सुरात रचलेली आहे. पण परीक्षण वस्तुनिष्ठपणेही करीन आणि आत्मनिष्ठपणेही करीन अशी दोन्ही वचने तीत एकाच दमात दिलेली आहेत, आणि या संपूर्ण व्यवहारातला पेच त्या दोन शब्दांत जितका नेमका पकडला गेला आहे, तितका तो नियमांच्या उरलेल्या पानांत कुठेही पकडलेला मला आढळला नाही.

वस्तुनिष्ठतेची सोय अंकगणिताकडे सोपविलेली आहे. प्रत्येक परीक्षक रूप, चव आणि मऊपणा यांना दोनपासून नऊपर्यंत गुण देतो. नऊ म्हणजे उत्कृष्ट, सहा म्हणजे सामान्य, दोन म्हणजे अखाद्य. मग रूपाच्या गुणाला 0.5600 ने, चवीच्या गुणाला 2.2972 ने आणि मऊपणाच्या गुणाला 1.1428 ने गुणायचे. सहा परीक्षकांतला ज्याचा आकडा सर्वांत कमी तो वगळायचा. उरलेल्या पाचांची बेरीज करायची. पाचही जणांनी सर्वत्र नऊ दिले तर एका पदार्थाचे 180, चार पदार्थांचे 720. चार दशांश स्थळांपर्यंत गेलेले हे गुणक पाहिले की सोनाराच्या तराजूची आठवण होते, आणि तराजू इतका नाजूक असताना त्यात टाकलेले वजनही तितकेच खात्रीचे असणार असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो. तराजूचा नाजूकपणा आणि वजनाचा खरेपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे आमच्या पेठेतल्या कोणत्याही किराणा दुकानदाराला सांगावे लागत नाही.

स्पर्धकांची कैफियत अशी. मैदानावर पन्नास चमू असतील तर प्रत्येक पदार्थाच्या पन्नास पेट्या आठ-नऊ टेबलांवर वाटल्या जातात. माझी कोंबडी ज्या सहा जिभांनी चाखली त्यांनी शेजाऱ्याची चाखलेलीच नाही. तरीही निकालाच्या कागदावर आम्ही दोघे एकाखाली एक, दशांशाच्या फरकाने. एखाद्या टेबलावर सगळे उदार बसतात, एखाद्यावर सगळे हात आखडलेले. स्पर्धकांच्या बोलीत दुसऱ्या प्रकारच्या टेबलाला ‘मरणाचे टेबल’ असे नाव आहे, आणि ‘या खेपेला बरगड्या मरणाच्या टेबलावर गेल्या’ हे वाक्य ते ज्या निर्विकारपणे उच्चारतात, त्या निर्विकारपणे आपल्याकडचा शेतकरी पावसाविषयी बोलतो. शिवाय गुणांची शिडी आठ पायऱ्यांची असली तरी वापरात वरच्या तीनच आहेत. सात म्हणजे नियमाप्रमाणे सामान्याहून सरस, पण रात्रभर जागलेल्या माणसाला तो कानाखाली वाजविल्यासारखा लागतो.

यावर संस्थेचा उपाय म्हणजे सर्वांत कमी गुण वगळणे. दिसायला हा उपाय दयाळू आहे. पण त्याची अंमलबजावणी कशी होते पाहा. एका टेबलावर चवीला सरसकट सात देणारा एकच परीक्षक बसला असेल, तर त्याचा आकडा वगळला जातो आणि स्पर्धकाला ओरखडाही उठत नाही. दुसऱ्या टेबलावर असे दोघे बसले असतील, तर त्यांतला एक वगळला जाऊन दुसरा शाबूत राहतो, आणि नऊऐवजी सात म्हणजे दोन गुणिले 2.2972, एवंच 4.5944 गुण, दुसऱ्या कोणत्याही कसुरीवाचून जातात. वरच्या क्रमांकांतली अंतरे पुष्कळदा याहून लहान असतात. आणि कमीत कमी वगळायचे तर जास्तीत जास्तही का वगळू नये, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. कठोर परीक्षक चुकतो आणि उदार परीक्षक कधी चुकत नाही, असे गृहीत धरल्यावाचून हा शिरस्ता उभा राहू शकत नाही. आणि या गृहीतकाची खूण परीक्षकांना पटली की ते काय करतील, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

तथापि या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सर्वांनीच मान्य केलेली दिसते, स्पर्धकांनी, संस्थेने आणि परीक्षकांनीही. ती ही की सहा परीक्षकांचे आकडे जितके जवळजवळ येतील तितका निकाल न्याय्य. माझा मतभेद नेमका येथे आहे.

1906 साली इंग्लंडात प्लिमथ येथे गुरांच्या प्रदर्शनात एक बैल उभा केला होता आणि तो कापून साफ केल्यावर त्याचे वजन किती भरेल हे सहा पेन्स भरून ओळखायचे होते. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने नंतर ती तिकिटे मिळवून त्यांतली वाचता येणारी 787 तपासली, तेव्हा मधला अंदाज 1207 पौंड निघाला आणि प्रत्यक्ष वजन 1198 पौंड भरले होते. पुष्कळांच्या चुका एकमेकींना खोडून काढतात आणि उरते ते सत्य, हा धडा तेव्हापासून सर्वतोमुखी झालेला आहे. पण त्या बैलाला वजन होते. अंदाजांच्या पलीकडे एक तराजू उभा होता आणि त्याला कोणाच्या मताची पर्वा नव्हती. ब्रिस्केटच्या चवीला असे वजन कोठे आहे? सहा परीक्षकांची सरासरी ही सहा परीक्षकांची सरासरीच राहते.

त्याहून जुनी गोष्ट डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने 1757 च्या अभिरुचीवरील निबंधात डॉन किहोटेच्या कथेतून उचलून सांगितली आहे. किहोटेचा चाकर सांचो याच्या दोन नातेवाइकांना मद्याच्या पिंपाची परीक्षा करायला बोलाविले. एकाने घोट घेऊन सांगितले, मद्य उत्तम, पण किंचित चामड्याची चव. दुसरा म्हणाला, उत्तम, पण किंचित लोखंडाची चव. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याचा बंद बांधलेली जुनी किल्ली सापडली. या गोष्टीचा उपयोग बहुतेक लोक सूक्ष्म रसनेच्या गौरवासाठी करतात. मला तीत दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दोघांचे एकमत नव्हते, आणि दोघेही खरे होते. आज ते दोघे कॅन्सस सिटीच्या टेबलावर बसते, तर त्यांच्या भिन्न निकालांवरून ‘या टेबलात सुसंगती नाही’ असा शेरा बसला असता.

मांसाच्या पेटीत किल्ली अगदीच नसते असे मात्र नाही. मऊपणाच्या बाबतीत ती असते. बरगडीचा चावा घेतला की जेवढा दातांत आला तेवढाच लचका सुटावा, बाकीचे मांस हाडाला धरून राहावे आणि उघडे पडलेले हाड पाहता पाहता कोरडे पांढरे व्हावे; सबंध मांस हाडावरून गळून पडले तर ते जास्त शिजले. सामान्य खवय्याला हाडावरून गळणारे मांसच आवडते हा भाग निराळा; सामन्याचा दंडक निराळा. ब्रिस्केटचा काप दोन्ही हातांनी हलकेच ताणावा: आपल्या वजनानेच तुटला तर जास्त शिजला, रबरासारखा ओढला गेला तर कच्चा, आणि किंचित हिसक्याने सुटला तर नेमका. येथे सहा परीक्षकांत तफावत पडली तर त्यांतल्या काहींचे चुकले आहे असे बिनदिक्कत म्हणता येते, आणि शिक्षणाने ती चूक सुधारताही येते. पण एकूण चार भागांत मऊपणाचा वाटा सव्वाहून कमी, आणि चवीचा वाटा सव्वादोनहून अधिक. म्हणजे जेथे पडताळा आहे तेथे वजन थोडे, आणि जेथे पडताळा नाही तेथे निम्म्याहून अधिक. हे योग्यच आहे, कारण माणसे चवीसाठी खातात. पण मग चवीच्या गुणांना मऊपणाच्या गुणांचा कायदा लावता येणार नाही. तिखटाकडे कल असणाऱ्याने गोडाकडे कल असणाऱ्याशी जुळावे अशी सक्ती करणे म्हणजे त्याची जीभ काढून घेऊन त्याला परीक्षकाची खुर्ची देणे होय.

चवीच्या परीक्षकाकडून मागायचे ते निराळेच. ते काय, हे मला एका पुरणपोळीने शिकविले.

काही वर्षांपूर्वी आमच्या उपनगरातल्या एका मंडळाने होळीच्या निमित्ताने पुरणपोळीची स्पर्धा ठेवली आणि, लिहिणारा माणूस म्हणजे सर्वज्ञ, या आपल्याकडील समजुतीप्रमाणे मला परीक्षक नेमले. बावीस ताटल्या होत्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर फक्त आकडा. मी शक्य तितक्या प्रामाणिकपणे प्रत्येकीचा चतकोर तोडला, पदर किती सुटतो पाहिले, पुरण कडेपर्यंत गेले आहे की मध्येच गोळा होऊन बसले आहे हे बोटाने चाचपले, जायफळ पुढे आहे की वेलदोडा हे ठरविले, आणि दहापैकी गुण मांडले. तिसऱ्या ताटलीला मी आठ दिले. सतराव्या ताटलीला पाच. शेरा लिहिला, ‘गोडी बेताची, पुरणाला जीव नाही.’ बक्षीससमारंभ आटोपल्यावर एक साठीच्या बाई पदराला हात पुशीत माझ्याजवळ आल्या आणि काही रागाने नव्हे, खऱ्याखुऱ्या कुतूहलाने म्हणाल्या, “अहो भाऊ, तीन नंबर माझा आणि सतरा नंबर माझ्या सुनेचा. पण पुरण एकाच पातेल्यातलं, आणि लाटल्यात दोन्ही मीच. तिचं बाळ लहान आहे, तिला कुठला वेळ? मग तीनला आठ आणि सतराला पाच, हे कसं झालं?”

मी घरी येऊन माझी गुणपत्रिका पुन्हा काढली. सोळाव्या ताटलीपुढे माझ्याच हस्ताक्षरात ‘अतिगोड’ असे होते. म्हणजे सतराव्या पोळीची गोडी बेताची नव्हती. सोळावीने माझी जीभ लाचावली होती, आणि त्या लाचेची मला खबरही नव्हती. माझे शेजारच्या परीक्षकाशी पटले नसते तर त्यात मला लाज वाटण्याजोगे काही नव्हते. माझे माझ्याशीच पटले नव्हते.

माझ्यासारख्या हौशी माणसाची ही गोष्ट म्हणून ती सोडून देता आली असती; पण पुढे रॉबर्ट हॉजसन यांचे 2008 साली प्रसिद्ध झालेले संशोधन वाचनात आले. हे गृहस्थ समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आणि स्वतः मद्याचे उत्पादक. आपल्याच मद्याला एकीकडे पदक आणि दुसरीकडे नन्नाचा पाढा, या अनुभवाने त्यांना हा प्रश्न पडला. कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनात मुरलेल्या परीक्षकांसमोर एकाच बाटलीतले मद्य तीन निरनिराळ्या पेल्यांतून, इतर पेल्यांत मिसळून, न सांगता ठेवण्यात आले. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या मर्यादेत राहणारा परीक्षक दहांत जेमतेम एक निघाला. आणि एका वर्षी सुसंगत ठरलेला पुढच्या वर्षीही तसाच ठरेल, असेही दिसेना.

कॅन्सस सिटीचे नियम परीक्षकाला परीक्षकाशी ताडून पाहतात; सर्वांत कमी आकडा वगळणे हे त्याच ताडण्याचे रूप आहे. परीक्षकाला स्वतःशी ताडून पाहण्याची तजवीज त्यांत मला दिसली नाही, आणि न्यायाच्या दृष्टीने तीच एक तजवीज सार्थ आहे. ती अवघडही नाही. संस्थेने एका अनुभवी माणसाकडून, स्पर्धेबाहेर, एकाच मांडणीच्या दोन पेट्या भरून घ्याव्यात. एका टेबलावर एक पेटी आरंभी आणि तिची जुळी शेवटी, वेगवेगळ्या नंबरांनी पाठवावी. या दोहोंचे गुण निकालात धरू नयेत, पण परीक्षकाच्या नावे दप्तरी नोंदवावेत. दहा सामन्यांनंतर प्रत्येकाची रुजुवात होईल. ज्याचे दोन्ही आकडे जवळजवळ राहतात तो मग गोडाचा भोक्ता असो वा तिखटाचा, उदार असो वा कृपण, त्याला ठेवावे. कारण त्याचा कृपणपणा सर्वांना सारखा वाटला जातो आणि हिशेबाने काढूनही टाकता येतो. ज्याचे आकडे आरंभी नऊ आणि शेवटी सात होतात, त्याचा दोष कोणत्याही गुणकाने निघणार नाही.

यावर आक्षेप येईल की हे परीक्षक पगारी नोकर नव्हेत. ते स्वतःच्या खर्चाने वर्ग करतात, सभासदत्वाची वर्गणी भरतात, शेकडो मैल गाडी हाकीत येतात, आणि एका दुपारीत चार पदार्थांचे चोवीस नमुने खाऊन घरी जातात. त्यांच्यावर पाळत ठेवली तर उद्या कोणी येणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण पाळत आणि पडताळा यांत भेद आहे, आणि जो माणूस हात वर करून शपथ घेतो त्याला पडताळ्याची भीती वाटू नये. टेक्सासमधल्या कित्येक सामन्यांत दुसराच मार्ग आहे: प्राथमिक टेबलांतून निवडलेल्या पेट्या अंतिम टेबलावर जातात आणि तेथे तेच परीक्षक त्या सर्व चाखतात. टेबलाच्या नशिबाचा प्रश्न तेथे बराच मिटतो, जिभेच्या थकव्याचा मात्र वाढतो. मेम्फिसच्या मे महिन्यातल्या जुन्या सामन्यात, जो 1978 पासून चालत आला आहे, परीक्षक स्वैपाक्याच्या तंबूतही जातात, आसनस्थ होतात, धुराची आणि लाकडाची कहाणी ऐकतात. तेथे मांसाबरोबर वक्तृत्वाचीही परीक्षा होते, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या डुकराने काय पाप केले, हा प्रश्न शिल्लक राहतो.

एकमताच्या मागे लागण्याचे आणखी एक फळ आहे, आणि ते परीक्षकांपेक्षा स्वैपाकाला अधिक बाधले आहे. सर्व परीक्षकांना एकच नमुना शिकविला की सर्व स्वैपाकी तोच नमुना रांधतात. म्हणून कोंबडीच्या मांड्या केक भाजायच्या साच्यात बसवून एकसारख्या गोल केल्या जातात. कातडी सोलून, तिच्या आतली चरबी सुरीने खरवडून, ती पुन्हा शिवल्यासारखी वर चढविली जाते, यासाठी की पहिल्या चाव्यात ती दातांनी स्वच्छ तुटावी. आणि सॉस असा गोड की एकाच घासात सगळे सांगून मोकळा व्हावा, कारण परीक्षक दुसरा घास घेईलच असे नाही. स्पर्धेतले स्वैपाकी मोकळेपणाने कबूल करतात की घरी ते असे मांस करीत नाहीत, आणि केले तर घरचे ते खाणार नाहीत. धुराने मांसाच्या कडेला जो गुलाबी पट्टा उमटतो तो विशिष्ट क्षारांनी बनावटही उमटविता येतो, म्हणून परीक्षकांनी त्याकडे दुर्लक्ष करावे असा संस्थेचाच दंडक आहे. चवीच्या बनावटीवर मात्र असा दंडक काढणे कोणाच्या हाती नाही. सहा निरनिराळ्या, पण स्वतःशी इमान राखणाऱ्या जिभा टेबलावर बसल्या आहेत असे ज्या स्वैपाक्याला ठाऊक आहे, तो कदाचित आपल्या आजीच्या पद्धतीचे मांस पेटीत घालण्याचे धाडस करील.

त्या पुरणपोळीच्या मंडळाने पुढच्या वर्षी मला पुन्हा पाचारण केले. मी एक अट घातली: कोणत्या तरी एका ताटलीतली पोळी दोन आकड्यांखाली, मला न सांगता, दोनदा ठेवावी आणि माझे त्या दोन पोळ्यांचे गुण बक्षिसाआधी सर्वांसमोर वाचून दाखवावेत. चिटणीसबाईंनी अट ऐकून घेतली, कार्यकारिणीपुढे ठेवते म्हणाल्या, आणि आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला की या खेपेला परीक्षक म्हणून एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या अभिनेत्री येणार आहेत.